गूळतुलेचा तराजू

मित्रांनो, टाकवे बुद्रुकच्या भातगिरणीत कधी आलात तर पडवीत मान वर करून पाहा. आढ्याला साखळीने टांगलेला, कोंड्याच्या धुळीने पांढरा झालेला जो दिसेल, तो मी. मी तराजू आहे, जुना आणि चांगला थोराड. माझी दांडी लोखंडाची आहे आणि पारडी सागाच्या जाड फळ्यांची. एकेका पारड्यावर भाताची दोन पोती सहज बसतात.

तळेगावच्या एका लोहाराने मला घडवले. दांडी तापवायची, ठोकायची, टांगून पाहायची आणि पुन्हा भट्टीत घालायची, असे त्याचे चालले होते. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मधोमध उभा राहिला, तेव्हाच तो चहा प्यायला उठला. नथू नावाच्या गिरणीवाल्याने मला इथे आणले. नथू अबोल माणूस. माझ्यावर भात जोखताना तो दांडीला कधी बोट लावत नसे, म्हणून लांबच्या वाड्यांवरून लोक त्याच्याकडे येत. सुरुवातीला मण आणि शेर होते. पुढे सरकारने किलो आणले. म्हाताऱ्या माणसांचा नव्या वजनांवर भरवसा नव्हता. ती वजनांकडे पाहतच नसत, माझ्या काट्याकडे पाहत. मला त्याचा अभिमान वाटे.

वर्षातून एकदा, चैत्रात, मला बैलगाडीत घालून भैरवनाथाच्या देवळापुढे नेत. आमच्याकडे नवस फेडायची एक रीत आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला एका पारड्यात बसवतात, दुसऱ्यात त्याच्या भारंभार गूळ रचतात आणि तो गूळ यात्रेत वाटतात. तिला गूळतुला म्हणतात. बहुधा पारड्यात एखादे लहान पोर असे, नाहीतर अवघड बाळंतपणातून वाचलेली बाई. त्या दिवशी भाताचा तराजू देवाचा तराजू होई.

आता सांगतो ती गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळानंतरची आहे. नथूची बायको सावित्राबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेली होती. तिचे शरीर वर्षानुवर्षे वाढतच चालले होते. लोक म्हणत, गिरणीवाली आहे, खात असेल. मी तिला रोज पाहत होतो. तिच्या ताटात इतर बायकांपेक्षा काही जास्त नसे. घराच्या पायऱ्या चढवेनात म्हणून तिने अंथरूण पडवीत, माझ्याखाली आणले. आडवे झाले की जीव घाबरा होई. मग ती भाताच्या पोत्यांना टेकून बसल्या बसल्याच झोपे.

तिची थोरली नणंद बायडाबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. वाळक्या काटकीसारखी बाई. दुपारी ती समोर बसून तांदूळ पाखडी. सावित्राबाईचा डोळा लागला की तिचा श्वास मधेच थांबे. सूप थांबले की मला कळे, श्वास थांबला आहे. बायडाबाई सूप टाकून धावे आणि तिचा दंड गदागदा हलवी. "सावित्रे, ए सावित्रे, श्वास घे." मग कुठे घरघर सुरू होई. असे किती दुपारी झाले त्याला गणती नाही.

त्यांचा मुलगा हनुमंत लोणावळ्याला रेल्वेत होता. त्याने आईला डॉक्टरकडे नेले. तिथल्या काट्याची सुई शेवटच्या आकड्याला जाऊन अडली. त्या डॉक्टरने मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याचे नाव सांगितले. परदेशात शिकून आलेला एक सर्जन तिथे पोट लहान करण्याचे ऑपरेशन करतो म्हणे. पण आधी नक्की वजन कळवायला हवे होते.

म्हणून एका सकाळी सावित्राबाई माझ्या पारड्यात बसली. पारड्यात चढवायलाच दोघे लागले. समोर वजने चढत गेली. दीड क्विंटल झाले तेव्हा काटा मध्यावर आला. भात घेऊन आलेले लोक पाहत उभे होते. त्यांतला भिमाजी तेवढा बोलला.

"नथूशेट, दुष्काळात लोकं सुकडीसाटी रांगंत हुबी ऱ्हायली, अन तुज्या घरातनं पोट बारीक कराया मुंबईला चालले व्हय?"

सावित्राबाईने पारड्यातूनच उत्तर दिले. "भिमाजीभाऊ, तुमच्या जिभंचं बी इचारून येते. तितं कायबी कापत्यात."

लोक हसले. ती हसली नाही. तिने दोन्ही हातांनी माझ्या साखळ्या घट्ट धरल्या होत्या.

हनुमंत ते वजन घेऊन मुंबईला सर्जनला भेटून आला आणि त्याने घरच्यांना खरे ते सांगितले. सर्जनने स्वतःची मूठ मिटून दाखवली होती. एवढेच पोट ठेवणार, बाकीचे शिवून बंद करणार. ऑपरेशन नवे होते. टेबलावरून न उठणारेही होते. नाही केले तर एखाद्या दिवशी श्वास थांबेल आणि पुन्हा सुरू होणार नाही.

"तुजं तू ठरीव," नथू म्हणाला.

"ठरीवलंय," सावित्राबाई म्हणाली. "वन्संनी माझ्यापायी किती दिस जागं ऱ्हायाचं?"

निघायच्या दिवशी सगळे बाहेर गाडीपाशी असताना बायडाबाई एकटी पडवीत आली. तिने माझ्या दांडीवर हात ठेवला. "भैरोबा, माजी सावित्री जित्ती परत आली तर ह्याच तराजूत तिच्या भारंभार गूळ तुला वाहीन." तिचा हात गार पडला होता. मला एवढेच कळले की आता या बाईचा जीवही टांगणीला लागला आहे.

सावित्राबाई परत आली. खूप दिवसांनी आली, पण जिवंत आली. पोटावर टाक्यांची उभी लांब ओळ होती. आत घालायची मूठभरच जागा होती. अर्धी वाटी पेज, ती घोट घोट, मध्ये थांबून. गोड नाही, तळलेले नाही, चावायचे काहीच नाही. आतले टाके ताणले गेले तर जीव जाईल, असे डॉक्टरने बजावून सांगितले होते. हनुमंतने ते घरात सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितले आणि तो नोकरीवर गेला.

महिन्या-दोन महिन्यांत सावित्राबाईचा चेहरा उतरला, गळ्याखालची कातडी लोंबू लागली. पण ती उशीवर डोके टेकून झोपू लागली होती आणि तिचा श्वास थांबत नव्हता. मला वाटले, संकट टळले. बायडाबाईला मात्र काही वेगळेच दिसत होते. नवस बोलल्या दिवशीच तिने दीड क्विंटल गुळाच्या ढेपी आणून पडवीत रचल्या होत्या. ती एकदा ढेपींकडे पाही, एकदा भावजयीकडे.

एके दिवशी तिने पदराखालून वाटी काढली. तुपात कुस्करलेली गुळाची पोळी.

"वन्सं, डाक्टर नको म्हनलाय."

"डाक्टरला काय ठावं? अगं, मी भैरोबाला बोलले तवा तू केवढी हुतीस? त्यो भार त्याचा झाला. तू अशीच आटत चाललीस तर चैत्रात ढेपी उरतील. बोललेलं उरलं की द्येव मानूस मागून घेतो. खा, माजी बाय. दोन घास."

मित्रांनो, बायडाबाईच्या मनात दुष्टपणाचा कणही नव्हता. तिला सावित्राबाई वाचायला हवी होती. आपण तिला वाचवतो आहोत असेच तिला वाटत होते. आणि सावित्राबाईला तिचे मन मोडवेना. जी बाई आपला श्वास राखत बसली, तिच्या हातचा घास कसा नाकारायचा? ती दोन घास खाई आणि थोड्या वेळाने भिंतीआड जाऊन ओकून येई. येताना तोंड पुसून, हसून येई. मग शेंगदाण्याचे लाडू आले. पुरणपोळी आली. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. मला फक्त झुकता येते, आणि तेही कोणी काही ठेवले तर.

यात्रा जवळ आली तेव्हा एका दुपारी सावित्राबाईने अर्धा लाडू खाल्ला आणि ती तशीच वाकली. तोंडातून शब्द फुटेना. कपाळावर घाम, ओठ पांढरे, पोट दगडासारखे. बायडाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, "ढेकर दे, ढेकर दे," म्हणत राहिली. नथू आतून आला. त्याने बायकोचे तोंड पाहिले आणि गिरणीचा पट्टा थांबवला. कोंडू आणि कान्हू हे दोन हमाल धावत आले.

बैलगाडीचे हादरे तिला सोसले नसते. नथूने वर पाहिले. "पारडं काढा," तो म्हणाला.

त्यांनी माझे एक पारडे सोडवले. तिला त्यावर निजवले, चारी साखळ्या वर गोळा करून त्यांतून वेळूचा सोट घातला आणि पुढे कोंडू, मागे कान्हू असे ते निघाले. नथू बाजूने पारडे धरून चालला. ऊन रणरणत होते. सावित्राबाईचे डोळे मिटत होते.

"तुमचं खांदं मोडतील रं," ती पुटपुटली.

"मावशी, तुमाला उचलायचं म्हंजी आदी भ्या वाटायचं," कोंडू धापा टाकत म्हणाला. "आता न्हाई वाटत. तुमी गप पडा."

इंद्रायणीच्या पुलावर तिने उलटी केली, तिच्यात रक्ताची रेघ होती. नथूने ती पाहिली. त्याची चाल वाढली. कान्हे फाट्यावर विटांचा एक ट्रक मिळाला. पारड्यासकट तिला विटांवर ठेवले आणि तळेगावच्या दवाखान्यात नेले.

ते पारडे तिथल्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवले होते, म्हणून मला पुढचे ठाऊक आहे. आत नाकातून नळी घालून पोट मोकळे करत होते. बाहेर नथू उकिडवा बसला होता. हनुमंत लोणावळ्याहून आला, तेव्हाही आतून काही निरोप नव्हता. बराच वेळ गेल्यावर डॉक्टर बाहेर आला.

"टाके तुटलेले नाहीत. अजून एक घास गेला असता तर सांगता आले नसते. हिला लाडू कोणी दिला?"

हनुमंतने बापाकडे पाहिले. नथूने मान खाली घालून बायडाबाईचे नाव सांगितले.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई आली. हनुमंत व्हरांड्यातच तिच्यासमोर उभा राहिला. "आत्या, तू माझ्या आईला मारायला निघाली होतीस."

बायडाबाई माझ्या पारड्याशेजारी खाली बसली. "मला वाटलं, भार कमी भरला तर द्येव तिला न्हेईल," एवढेच ती म्हणाली. तिने रडणे दाबायला पदर तोंडात धरला होता.

आतून सावित्राबाईचा बारीक आवाज आला. "हनम्या, वन्संना आत धाड. अन तू भाईरच ऱ्हा."

चैत्रात मला देवळापुढे नेले. सगळा गाव जमला होता. एका पारड्यात दीड क्विंटल गूळ रचला. दुसऱ्यात सावित्राबाई आपली आपण चढून बसली. अर्थातच गुळाचे पारडे जमिनीला टेकले आणि ती वर लोंबकळत राहिली. लोक कुजबुजू लागले. बायडाबाईचा चेहरा राखेसारखा झाला.

"वन्सं, हिकडं या," सावित्राबाई म्हणाली. "बसा माझ्यासंगं."

"मी कशापायी?"

"मी जगले ती तुमी हलवत ऱ्हायला म्हनून. माझ्या भारात तुमचा भार न्हाई व्हय? चढा."

नथूने पारडे दाबून खाली धरले. बायडाबाई चढली. दोघी एकमेकींना धरून बसल्या. नथूने हात सोडला. माझी दांडी सावकाश वर आली, हलली, डुलली आणि थांबली. काटा मध्यावर आला नाही. गुळाचे पारडे चार बोटे खालीच राहिले.

"अजून गूळच भारी हाय," बायडाबाई घाबरून म्हणाली.

"असू द्या. द्येवाला जरा जास्त गेलं तर त्येला काय पोट कापाया मुंबईला जावं लागनार न्हाई."

गुरव आधी हसला, मग सगळे हसले. तुला झाली.

पुढे गिरणीत जमिनीवर ठेवायचा नवा वजनकाटा आला आणि माझे काम संपले. आता यात्रेलाही मला कोणी नेत नाही. दांडीवर गंज चढला आहे, एका पारड्याला वाळवी लागली आहे. कधी वाटले तर या, थोडे तेल लावा. नाही लावले तरी माझी तक्रार नाही. माझी विनंती वेगळी आहे.

तुलेच्या त्या दिवशी गूळ फोडून वाटायला बायडाबाईच उभी होती. ओंजळी भरभरून ती देत होती. वाटता वाटता ती सावित्राबाईपाशी आली. सवयीने तिचा हात मोठ्या खड्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"देऊ का गं?" तिने विचारले.

"नको, वन्सं."

बायडाबाईने हात मागे घेतला आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. मित्रांनो, आयुष्यभर मी वजने पाहिली, पण तो हात मागे घेणे किती जड होते, हे मला त्या दिवशी समोरून दिसले. तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर वाढण्याआधी त्याला विचारा. आणि तो नको म्हणाला तर तुमचाही हात असाच मागे घ्या.