दोन खांबांमधली हवा

"जोत्याचा दगड धरलास?"

"धरला."

"कौलांची फूटतूट?"

"शंभरातली दहा तरी फुटतातच. धरली."

"गाड्यांच्या खेपा?"

"लिही ना दादा, किती वेळा विचारशील!"

ओट्यावर दोघे भाऊ उकिडवे बसले होते. थोरल्याच्या हातात कोळसा होता आणि फरशीवर त्याच्या रेघा वाकड्यातिकड्या धावत होत्या. सुतार खांबाला टेकून सुपारी कातरत होता आणि जिथं मजुरीचा आकडा यायचा तिथंच नेमका खाकरत होता. आत मधल्या खणात शिवणयंत्राची टकटक चालू होती. बहिणीचं पाऊल पायट्यावर होतं, डोळे शिवणीवर होते आणि कान ओट्यावर.

घर हलवायचं तर होतंच. नदी दरसाल काठ खात आली होती. आधी बांधावरची झाडं गेली, मग गोठा गेला, आणि गेल्या पुरात परसदार असं गेलं की सकाळी दार उघडलं तर पायरीखाली नुसतं पाणी. माती भुसभुशीत, पायाखाली साखरेसारखी विरघळणारी. वरच्या माळावर जागा घेतली होती. मुरमाड, कोरडी, कुदळीला ठिणगी उडवणारी. तिथं हेच घर उभं करायचं, असं ठरलं. नवं लाकूड कुणाला परवडतंय? आजोबाच्या हातचे काळे खांब अजून लोखंडासारखे होते. घर उतरवायचं, गाड्यांवर घालायचं, वर नेऊन पुन्हा जोडायचं.

घर पाचखणी. खांबांच्या सहा रांगा, त्यांच्या मधे पाच खण. डावीकडचे दोन थोरल्याचे, उजवीकडचे दोन धाकट्याचे आणि मधला बहिणीचा. बहीण भावंडांतही मधलीच, म्हणून साऱ्या गावाला ती मधली. नवऱ्यानं टाकली तशी एक यंत्र आणि एक ट्रंक घेऊन माघारी आली. बापाचं औषधपाणी आणि कित्येक दिवस साऱ्या घराची चूलही तिच्याच शिलाईतून चालली. जाताना बापानं सुताराच्या देखत सांगितलं होतं, "मधला खण माझ्या पोरीचा. दोन्हीकडून भाऊ, मधे ती."

"मग सगळं मिळून चार खणांचा खर्च एवढा झाला बघ," बाहेर थोरला म्हणाला.

यंत्राची टकटक थांबली.

मधली उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "कितीखणी म्हणालास, दादा?"

थोरल्यानं मान वर केली नाही. "अगं, माळावरची जागा अरुंद. दोन खण इकडं, दोन खण तिकडं, मधून गाडी आत जायला वाट. धान्य दारात उतरेल."

"गाडी जायला वाट. आणि बहीण जायला?"

धाकट्यानं कानामागं खाजवलं. "ताई, तसं नाही. तुझ्या वाट्याचे रोख पैसे लागले असते. तू कुठून आणणार? म्हणून तुला त्रास नको म्हणलं."

"तुला किती वेळा विचारलं रे, माझा वाटा किती पडतो? दर वेळी म्हणालास, बघू. आता बघून झालं वाटतं!"

"हे बघ," थोरल्यानं कोळसा खाली ठेवला, "तुझा खण आम्ही मागतोय का? बाबांनी दिला, तो तुझाच. त्याला कुणी हात लावणार नाही. राहू दे इथं."

"इथं? नदीच्या दाढेत?"

"नदी काय लगेच येते का! अजून एखाद-दुसरा पावसाळा निघेल."

मधली वळली. ती आत गेली आणि यंत्रावर बसली. समोर कुणाच्या तरी झग्याची पुढची बाजू होती, पाच पट्ट्यांची, कडेच्या धरून सहा शिवणींची. बाहेर सुतार आपल्या कामाची उजळणी करत होता. "खांबाच्या रांगा सहा उतरवायच्या, सहा उभ्या करायच्या. इकडं तीन, तिकडं तीन."

तिचा हात झग्याच्या मधल्या पट्टीवर थबकला. इकडं तीन, तिकडं तीन. मग उरलं काय? मधली पट्टी काढून घ्यायची तर तिच्या दोन्ही शिवणी कुणाकडं जायच्या? एक शिवण इकडच्या पट्टीनं नेली, दुसरी तिकडच्या पट्टीनं नेली, तर मधे पट्टी नाहीच. नुसतं भोक.

ती अशी उठली की स्टूल कलंडलं.

"दादा! सहाच्या सहा रांगा तुम्ही नेणार?"

"मग? चार खणांना लागतातच तेवढ्या, मधे वाट सोडली की."

"आणि माझ्या खणाला?"

थोरला गोरामोरा झाला. मग चढ्या आवाजात म्हणाला, "खण म्हणजे जागा! खांब जोडीचे असतात. तिसरी रांग माझ्या खणाची पण आहे, चौथी याच्या खणाची."

"म्हणजे माझा बाप मरताना मला दोन खांबांमधली हवा देऊन गेला!"

स्वयंपाकघरातून थोरली वहिनी हात पुसत आली. तिची जीभ म्हणजे नुकती धार लावलेली विळी. "हवा तर हवा, वन्सं. नदीकाठची आहे, चांगली थंडगार. लोक पैसे देऊन खातात."

सुतार हसला. धाकटाही हसला आणि मग बहिणीचं तोंड बघून हसू पुसून टाकलं.

"खुशाल हसा," मधली म्हणाली. तिचा आवाज हलका होता आणि म्हणूनच थोरल्याला तो आवडला नाही. "तुम्ही कितीही रेघा ओढा. माझ्या दोन रांगांतला अर्धा अर्धा खांब माझा आहे. तो मी देत नाही."

"अर्धा खांब घेऊन काय करशील? चूल पेटवशील?"

"पेटवीन. माझा आहे."

सुतार मधेच म्हणाला, "उभा चिरून देता येतो. चिरण्याची मजुरी तेवढी निराळी पडेल."

"तू गप रे!" तिघंही भावंडं एकदम ओरडली. त्या घरात त्या दिवशी एकमत झालं ते एवढंच.

घर उतरवायचा दिवस उजाडला तो कोरडा, रखरखीत. वाऱ्यावर धूळ आणि धुळीला नदीचा वास. पाच गाड्या दारात येऊन लागल्या. मजूर छपरावर चढले. कौलं हातोहात खाली येऊ लागली आणि आजवर कधी ऊन न पाहिलेल्या भिंती अंगणासारख्या उजळल्या. थोरल्याच्या दोन खणांवरची कौलं उतरली, धाकट्याच्या दोन खणांवरचीही उतरली. मग सुतार पहार खांद्यावर टाकून मधल्या खणाकडं वळला. छपराचं आढं दोन तुकड्यांचं होतं आणि त्याचा सांधा बरोब्बर मधल्या खणावर. तो सांधा सुटल्याशिवाय इकडचं लाकूड हलत नव्हतं, तिकडचंही हलत नव्हतं.

सांध्याच्या खाली यंत्र. यंत्रावर मधली. टकटक, टकटक.

"ताई, जरा सरकता का? वरून लाकूड येईल."

"येऊ दे. खण माझा आहे. माझ्या खणात मी बसलेय. दादानं सांगितलंय, ह्याला कुणी हात लावणार नाही."

सुतारानं पहार टेकली आणि थोरल्याकडं पाहिलं. थोरला तरातरा आत आला.

"ऊठ!"

"नाही उठत."

"अगं, गाड्या ताटकळल्यात!"

"गाड्या तू बोलावल्यास. मला कुणी विचारलं?"

"हाताला धरून उठवीन!"

"उठव ना. सगळं गाव कुंपणाशी उभं आहे. बहिणीला ओढून काढलेला खांब घराला लावलास, हे तुझ्या नातवंडांना सांगायला माणसं नकोत का?"

थोरल्याचा हात पुढं आला, हवेत राहिला, आणि मग त्यानं त्याच हातानं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. बाहेर येऊन त्यानं एका रिकाम्या घमेल्याला लाथ घातली. घमेलं गडगडत नदीकडं गेलं आणि काठावरून खाली पडलं. पाण्याचा आवाज व्हायला वेळही लागला नाही, इतकी नदी जवळ होती. अंगणातले सगळे क्षणभर तिकडं बघत राहिले.

आत मधलीनं दोरा ओवला आणि गळा मोकळा केला. जात्यावर म्हणतात त्या चालीत, पण रागानं, खण्‌कन् आवाज लावून ती गायला लागली:

*काठ गं खाई नदी, घर गं खाती भाऊ,*
*बहीण मी मधली, काय वारा खाऊन राहू?*

छपरावरचे मजूर खो खो हसले. एका गाडीवानानं बैलाच्या पाठीवर थाप मारून ताल धरला. थोरल्या वहिनीनं खिडकीत येऊन "वन्सं, लाज धरा!" म्हणून पाहिलं, तर आतून दुसरी ओळ आली, आणि तीत वहिनीच होती, म्हणून ती खिडकीतून बाजूला झाली.

ऊन डोक्यावर आलं. उघड्या भिंतींवरचं सारवण तापून तडकायला लागलं. गाडीवान सावलीला पसरले. त्यांच्यातला म्हातारा थोरल्याला म्हणाला, "मालक, आम्हाला घाई नाही. पण मजुरी दिवसाची ठरलीय. बैल उभा राहिला तरी वैरण खातोच."

"खेप न करता पैसे?"

"खेप तुम्ही द्या, आम्ही करतो. न्यायला आहे काय? कौलं?"

धाकटा मुकाट्यानं ओट्यावर गेला. कोळशाचा तुकडा उचलून तो नव्यानं रेघा ओढू लागला. पाच गाड्या, एक दिवस. सात मजूर, एक दिवस. त्यांचं जेवण. बहीण उद्याही बसली तर दुसरा दिवस. मग दोन रांगा नव्या करायच्या म्हणल्या तर सहा खांब, दोन तुळया, सुताराची मजुरी. त्यानं बेरीज केली, पुसली, पुन्हा केली.

"दादा."

"काय?"

"एका खणाचं लाकूड वर न्यायला जेवढं लागलं असतं ना, तेवढं आज नुसतं उभं राहण्यात गेलं. नवे खांब धरले तर तिप्पट."

थोरली वहिनी मागून वाकून बघत होती. तिला बेरीज येत नव्हती, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं. ती उसळली. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! बहिणीच्या खेपा वाचवायला निघालेत आणि माझ्या डोक्यावरचं छप्पर काढून बसलेत! रात्री पोरांना काय आभाळ पांघरू? जा, सांगा तिला चल म्हणून. घाला ती वाट चुलीत!"

"कालपर्यंत वाट तुलाच पाहिजे होती!"

"काल छप्पर होतं!"

थोरल्यानं सुताराकडं मोर्चा वळवला. "आणि तू रे? खांब जोडीचे आहेत, हे अडणार आहे, हे तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं की," सुतार शांतपणे म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"नवे सहा खांब लागले असते तर केले कुणी असते? मीच ना? माझंही पोट आहे, मालक."

थोरल्यानं त्याच्याकडं पाठ फिरवली. मग सावकाश मधल्या खणाच्या उंबऱ्याशी गेला. आत पाऊल टाकलं नाही.

"चल," तो म्हणाला. "तुझाही खण घेऊ."

यंत्र चालूच राहिलं. "कुठं घेणार?"

"माळावर. आणखी कुठं?"

"माळावर जोतं चार खणांचं आखलंय. माझा खण काय झाडावर टांगणार? आधी वर जा. वाट बुजवा, पाच खणांची दोरी लावा, खुंट्या ठोका. सुताराला ने. खुंट्या मारल्या की गाडीवानबाबा येऊन मला सांगतील. तुमच्या कुणाच्या तोंडचं मी ऐकणार नाही. मग उठते."

"एवढाही विश्वास नाही?"

"होता, दादा. तेव्हा मी तुम्हाला जेवू घालत होते."

थोरला गेला. भर उन्हात तो, धाकटा आणि सुतार माळ चढून गेले, आणि खण मोजायला म्हातारा गाडीवानही मागोमाग गेला. खालून दिसत होतं, तीन माणसं वाकून दोरी ताणताहेत आणि भांडताहेत. म्हातारा गाडीवान परत आला, घाम पुसत म्हणाला, "लेकी, पाच आहेत. मी पावलांनी मोजले. मधला तुझा, दोन्हीकडच्यांएवढाच रुंद."

मधलीनं यंत्र थांबवलं. पायट्यावरचं पाऊल उचललं तर ते बधिर झालं होतं. तिनं यंत्राचा कप्पा ओढला, फडक्यात बांधलेल्या नोटा काढल्या आणि माळावरून उतरून आलेल्या धाकट्यापुढं टाकल्या.

"हा माझा पाचवा हिस्सा. दगडाचा, कौलांचा, खेपांचा, सुताराचा."

धाकट्यानं फडकं सोडलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. "ताई, हे होते तुझ्याकडं? मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही आकडा सांगाल म्हणून मी वाट बघत होते. आणि हो, आजच्या दिवसाची मजुरी त्यात धरू नकोस. आज मी माझ्या घरात माझं काम करत बसले होते. गाड्या उभ्या होत्या त्या तुमच्या."

दिवस कलायच्या आत पहिली गाडी भरली. तिच्या हट्टानं तिसरी आणि चौथी रांग आधी निघाली. खांब उपटले तशी जुनी माती ओली, काळी, वर आली आणि खड्ड्यांत बघता बघता पाणी पाझरलं. नदी घराखाली कधीच येऊन बसली होती, कुणाला पत्ता नव्हता. थोरल्यानं ते पाणी पाहिलं. मधलीनंही पाहिलं.

माळावर वारा मोकाट होता. तिसऱ्या रांगेचा खांब खड्ड्यात उतरवला. एका अंगानं थोरल्यानं मिठी घातली, दुसऱ्या अंगानं मधलीनं. सुतार ओळंबा धरून डोळा बारीक करत होता, धाकटा मुरूम लोटून धुमसानं ठोकत होता. बहीणभावांची तोंडं वीतभर अंतरावर होती आणि मधे खांब होता.

"झालं आता तुझ्या मनासारखं?" थोरला हळूच म्हणाला.

मधलीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वाऱ्यानं तिच्या डोळ्यांत धूळ गेली होती. हात मोकळे नव्हते, म्हणून तिनं गाल खांबालाच पुसला.

"मनासारखं व्हायची वेळ गेली, दादा. बोलू नकोस, नीट धर. खांब कलतोय, आणि अर्धा तुझा आहे."