चिमणीने जोडलेला पंख

डॉक्टरीणबाईंचं मनगट नेमकं नको त्या वेळी मोडलं. शिकारी पक्ष्यांच्या उपचार केंद्रात पिंजऱ्याच्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि उजव्या हाताला प्लास्टर घेऊन घरी आल्या. दुसऱ्याच दिवशी कचरा डेपोवरच्या माणसांनी एका खोक्यातून पंख जळालेली बहिरी जातीची ससाणी, म्हणजे मादी ससाणा, आणून दिली. केंद्रातला दुसरा डॉक्टर परगावी गेलेला.

डेपोत कचऱ्यातून निघणारा वायू एका उंच नळाच्या तोंडाशी जाळून टाकतात. भर उन्हात ती ज्योत दिसत नाही. कबुतराच्या मागे लागलेली ससाणी तिच्यावरून गेली आणि डाव्या पंखाची टोकाकडची सहा लांब पिसं निम्म्यावर जळाली. कातडीला धग लागली नव्हती. डोळे शाबूत होते, आणि राग तर पुरेपूर शाबूत होता.

पायातल्या नंबराच्या कडीवरून बाईंनी तिला ओळखलं. जुन्या पिठाच्या गिरणीच्या धुराड्यावर राहणारी हीच. शेतांवर फवारलेल्या औषधांनी अंड्यांची कवचं पातळ होत गेली आणि त्या भागातले ससाणे पार संपले. ती औषधं बंद झाल्यावर कित्येक वर्षांनी परतलेली ही पहिली जोडी. वर घरट्यात तीन पिल्लं होती, आणि त्यांच्यासाठी आता बाप एकटाच धावपळ करत होता.

नवी पिसं आपोआप येतात, पण जुनी गळायची वेळ आली की मगच. तोवर पिंजऱ्यात मुक्काम, आणि तो कदाचित वर्षभराचा. दुसरा उपाय म्हणजे जोडकाम. जळक्या पिसाचा खुंट पोकळ असतो. त्यात बांबूची बारीक काडी बसवायची, काडीच्या दुसऱ्या टोकावर दुसऱ्या ससाणीचं गळलेलं पीस चढवायचं, आणि चिकटवायचं. केंद्रात एका डोळ्याने अधू असलेली म्हातारी ससाणी कायमची राहत होती. तिची दरवर्षी गळणारी पिसं बाई जपून ठेवत. तेव्हा पिसं होती, काड्या होत्या, डिंक होता. नव्हता तो फक्त हात.

संध्याकाळी त्या जेवायच्या टेबलाशी डाव्या हाताने काडी तासायचा प्रयत्न करत होत्या. तेवढ्यात धाकटी नणंद आली. तिचं ब्यूटी पार्लर होतं, आणि बायकांच्या पापण्यांना एकेक कृत्रिम केस चिकटवण्यात तिचा हातखंडा होता. घरात सगळे तिला चिमणी म्हणत. बाईंची ओढाताण तिने थोडा वेळ पाहिली, मग काडी आणि चाकू काढून घेतला. काय करायचं आहे ते नीट ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, ती चावते का. चावण्यापेक्षा नखांना जपायचं असतं, असं बाईंनी सांगितलं.

"माझ्या काही गिऱ्हाइकांचंही तसंच आहे," चिमणी म्हणाली. "येते मी उद्या."

सकाळी ती स्वतःची वाकड्या टोकाची चिमटी आणि डोळ्यांखाली लावायच्या मऊ पट्ट्या घेऊन केंद्रात हजर झाली. त्या पट्ट्या शेजारच्या पिसांवर घातल्या म्हणजे डिंक सांडणार नाही. हे बाईंना फार पसंत पडलं. एरवी त्या कागदाचे कपटे वापरत. पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी ससाणीच्या तोंडाशी गुंगीच्या वायूचा मुखवटा धरला आणि तिची मान सैल पडली.

तिला दुखणार नाही ना, असं चिमणीने दोनदा विचारलं. पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे नखासारखं, कापलं तरी कळत नाही, असं बाईंनी समजावलं. शिवाय ससाण्यांत मादी नरापेक्षा बरीच थोराड, म्हणून पिसंही मादीचीच लागतात, आणि तीही त्याच पंखातली, त्याच जागेवरची. मादी थोराड हे ऐकून चिमणी खूश झाली. घरी दादाला सांगायलाच हवं, म्हणाली.

मग काम सुरू झालं. बाई लांबी ठरवत, चिमणी कापत आणि जोडत होती. एक पीस तिच्या हातून जरा तिरकं बसलं. बाईंनी डिंक सुकायच्या आत ते फिरवून घेतलं. पाच पिसं झाली. सहावं उजेडात धरताच बाईंनी बाजूला ठेवलं. त्यावर आडवी फिकट रेघ होती. ते वाढत असताना म्हातारी ससाणी उपाशी पडली होती, त्याची खूण. पीस तिथेच मोडतं, आणि त्या जागेचं दुसरं शिलकीत नव्हतं.

"अर्धवट काम मी कुणाला देत नाही, वहिनी," चिमणी म्हणाली.

"जाऊ दे, चिमे. पिसं गळतात तेव्हा एखादी फट असतेच, तरी शिकार करतात त्या. हे मोडलं तर शेजारचंही जाईल."

चिमणीचं तोंड उतरलं, पण तिने चिमटी खाली ठेवली.

दोन दिवस बंद जागेत उडवून पाहिलं. पिसं घट्ट होती. मग तिघं गिरणीच्या गच्चीवर गेली. बाईंना रात्रभर नीट झोप लागली नव्हती. काकांनी खोकं उघडलं. ससाणी कठड्यावरून झेपावली आणि खाली गेली, इतकी खाली की चिमणीने बाईंचं प्लास्टरच घट्ट धरलं. मग पंख पुरते उघडले. डावीकडच्या फटीतून आभाळ दिसत होतं. एक मोठं वळण घेऊन ती वर चढली आणि धुराड्याच्या कडेवर उतरली. पिल्लांनी एकच कल्ला केला.

थोड्या वेळाने नर आला, पायात एक साळुंकी घेऊन. ससाणीने ती त्याच्या पायांतून हिसकावली आणि पाठ फिरवून पिल्लांना भरवायला लागली. नर कडेला नुसता उभा राहिला.

"कुठे होतीस, एवढंही विचारलं नाही बिचाऱ्याने," चिमणी म्हणाली. बाई इतक्या हसल्या की काकांनी वळून पाहिलं.

खाली उतरताना चिमणीने विचारलं, ही जोडलेली पिसं किती टिकतील. पुढच्या गळतीत खुंटासकट पडतील आणि खालून तिची स्वतःची येतील, असं बाईंनी सांगितलं. एवढ्या मेहनतीचं हे असं व्हायचं म्हणून चिमणी जरा हिरमुसली. मग म्हणाली, सहावंही येईल ना तेव्हा? येईल, असं कळल्यावर तिचं समाधान झालं.

डेपोच्या इंजिनिअरांनी नळाभोवती जाळीचा पिंजरा बसवून दिला. तिन्ही पिल्लं उडायला लागली त्या आठवड्यात चिमणी रोज पार्लर लवकर बंद करायची आणि वहिनीला घेऊन गिरणीच्या गच्चीवर जायची. बाईंचं प्लास्टर तोवर निघालं होतं. दुर्बीण मात्र चिमणीच्याच हातात असायची.