सकाळी संपणारी जाहिरात

अहल्याबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्या मुलीने, मोहनाने, रुग्णालयातली नोकरी सोडली. ती फिजिओथेरपिस्ट होती. तिने आईचं एकेक बोट हलतं केलं. अहल्याबाई भिंत न धरता सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊ लागल्या, आणि एका दुपारी दुसरा झटका येऊन गेल्या.

मोहनाने पुन्हा नोकरी धरली नाही. बडोद्याच्या मांजलपूरमध्ये घराजवळच दोन खोल्या भाड्याने घेऊन तिने दवाखाना काढला. वडील, नारायणराव, म्हणाले, "बरं केलंस. तुझ्या हाताला गुण आहे, तो मी डोळ्यांनी बघितलाय."

पण गुण आहे हे लोकांना कळायला हवं. अलकापुरीत ऑफिस असलेल्या हार्दिकने तिला इंटरनेटवर जाहिरात लावून दिली. बडोद्यात कुणी फोनवर फिजिओथेरपी शोधली की सगळ्यात वर मोहनाचं नाव यायचं. त्यावर कुणी क्लिक केलं की तिच्या खात्यातून पैसे कापले जायचे. दिवसाची ठरलेली रक्कम संपली की त्या दिवसापुरती जाहिरात दिसेनाशी व्हायची. हे मोहनाला ठाऊक होतं. नारायणरावांना नव्हतं.

एकदा हार्दिकचा फोन आला तेव्हा ते शेजारीच पापडीच्या शेंगा निवडत बसले होते.

"बेन, क्लिक बहु ओछा छे," हार्दिक म्हणाला. "क्लिक वधारवा पडशे, तो ज काम थशे."

फोन ठेवल्यावर नारायणरावांनी विचारलं, "क्लिक वाढले की पेशंट येतील?"

"येतील ना, अप्पा. आधी क्लिक तर येऊ देत."

तिने तेवढंच सांगितलं आणि ती कामाला लागली.

नारायणरावांचे आजोबा संस्थानच्या हुजूर कचेरीत होते. कुणापुढे शब्द टाकायचा नाही, अशी घरातली रीत, आणि ती त्यांनी नोकरीभर सांभाळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत मात्र त्यांनी मित्राला, श्रीपतरावांना, गाठलं. "एक काम होतं तुमच्याकडे," ते कसेबसे म्हणाले.

श्रीपतरावांना फोनमधलं थोडंफार कळायचं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरून "मांजलपूरमां फिजिओथेरपी" म्हटलं. मोहनाचं नाव आलं. "हं, दाबा. मत दिल्यासारखंच आहे, नारायणराव."

नारायणरावांनी दाबलं. पोरीचा पांढऱ्या कोटातला फोटो उघडला. त्यांना भरून आलं.

मग तो नेमच झाला. फिरून झालं की बाकावर बसायचं आणि सगळ्यांनी आपापल्या फोनवर मोहनाचं नाव दाबायचं. कुणी विसरला तर नारायणराव आठवण करून द्यायचे. मोहनाला मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही; बापाने मित्रांना गळ घातली हे तिला आवडणार नाही, असं त्यांना वाटलं.

"बेन, क्लिक तो डबल थई गया!" हार्दिक खुशीत होता. मोहनाही खूश झाली. ती फोन हाताशी ठेवून दवाखान्यात बसायची. फोन वाजायचा नाही.

पुढे हार्दिकच्याही आवाजातला उत्साह गेला. लोक क्लिक करताहेत, मग फोन का करत नाहीत? जाहिरातीतला मजकूर बदलला. फोटो बदलला. पहिली तपासणी मोफत केली. क्लिक तेवढेच, फोन नाही. जुने ओळखीचे दोन-तीन पेशंट सोडले तर पलंग रिकामे.

"अप्पा, लोक येतात," एका संध्याकाळी ती म्हणाली, "माझं नाव वाचतात, माझा चेहरा बघतात, आणि परत जातात. माझ्यातच काहीतरी असणार."

"वेडी आहेस," नारायणराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेतल्या योगवर्गाच्या मंडळींनाही शब्द टाकला.

दिवाळीनंतर मोहनाने हार मानली. जागेच्या मालकाला नोटीस दिली आणि जुन्या रुग्णालयात अर्ज केला. जाहिरात बंद करण्याआधी हार्दिकने सगळे आकडे पुन्हा नीट तपासले आणि घाईघाईने फोन केला. जवळजवळ सगळे क्लिक मांजलपूरमधूनच होते, सकाळीच, पुन्हा पुन्हा त्याच फोनांवरून. "बेन, कोई दुश्मन छे तमारो."

मोहना तणतणत घरी आली. जेवायला बसल्यावर म्हणाली, "अप्पा, कळलं का? कुणीतरी मुद्दाम रोज सकाळी माझ्या जाहिरातीवर क्लिक करतंय. माणसं जमवून. दुकानं उघडायच्या आत पैसे खलास. खऱ्या पेशंटला माझं नावच दिसत नव्हतं."

नारायणरावांचा घास हातात राहिला. "क्लिक केलं की... पैसे तुझे जातात?"

"मग कुणाचे?"

त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"मोहना, तो मीच गं."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. बाक, श्रीपतराव, योगवर्ग. सांगताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू त्या दिवशी रडवेली झालीस ना, म्हणून आणखी लोक जमवले."

"विचारायचं तरी होतंत मला! एकदा!" ती ओरडली, आणि उठून आत गेली. तिने दार लावलं नाही, पण नारायणराव तिच्यामागे गेले नाहीत.

सकाळी त्यांनी बागेत एकेकाला गाठून सांगितलं, आता दाबू नका. का, तेही सांगितलं.  श्रीपतराव म्हणाले, "अहो, आम्हालाही कुठे माहीत होतं?"

त्या दिवशी जाहिरात संध्याकाळपर्यंत दिसत राहिली. आणि फोन वाजला. अलकापुरीतल्या एक बाई होत्या, यजमानांची उजवी बाजू गेली होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला, मग आणखी. मोहना प्रत्येकाला शांतपणे सांगायची, "माफ करा, दवाखाना बंद होतोय." शेवटचं उत्तर देऊन तिने फोन खाली ठेवला आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. आपल्यात काही कमी नव्हतं, हे तिला आज कळत होतं.

नारायणराव जागेच्या मालकाकडे गेले. पुन्हा एकदा त्यांनी कुणाकडे मागितलं. मालकाने त्यांना पाणी दिलं, बसवलं. "काका, शुं करुं? मोबाईलवाळा पासे टोकन लई लीधुं छे." जागा मोबाईलच्या दुकानाला द्यायचं ठरवून त्याने आगाऊ पैसेही घेतले होते. ते उन्हातून चालत परत आले आणि कुठे गेलो होतो ते त्यांनी सांगितलं नाही. मालकानेच फोन करून मोहनाला सांगितलं.

ती रुग्णालयात रुजू झाली. तिथे पगार ठीक होता. नारायणरावांनी बागेत जाणं सोडलं. श्रीपतराव दोनदा बोलवायला आले, तेव्हा गुडघा दुखतोय म्हणाले.

रविवारी मोहना त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिने त्यांचा पाय मांडीवर घेतला, गुडघ्याची वाटी चाचपली, पाय वाकवला, सरळ केला. सूज नव्हती. सांधा मोकळा होता.

"दुखतंय?"

"दुखतंय," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

 दोन्ही तळहात गुडघ्याखाली धरून ती पाय हळूहळू उचलत राहिली, ठेवत राहिली. नारायणरावांचे डोळे वाहत होते. ते पुसायला त्यांनी हात वर नेला नाही, आणि तिनेही मान वर केली नाही.