चौथ्या ट्रॅकवरचा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पण मित्रांनो, हे ऐकून हातात मावणारी प्लॅस्टिकची डबी डोळ्यांपुढे आणू नका, नाहीतर मला राग येईल. मी कपाटाएवढा आहे. मला हलवायला दोन धडधाकट माणसं लागतात, आणि तीही तिसऱ्या पायरीवर एकमेकांना शिव्या घालतात. माझ्या माथ्यावर दोन मोठी रिळं फिरतात आणि त्यांच्यामधून बोटभर रुंद फीत सरकते. त्या फितीवर शेजारी शेजारी चार वाटा असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. एकावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आणखी काही, चौथ्यावर गळा. एक पुसला तरी बाकीचे तीन शाबूत राहतात. माझी सारी कहाणी या एका गोष्टीवर उभी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, तिथलं फारसं आठवत नाही. पहिली सहा वर्षं मी कॅनडातल्या थंडर बे गावच्या रेडिओ केंद्रात काढली. बर्फ किती पडलं, बंदरात कुठलं जहाज लागलं, धान्याच्या कोठारांत संप आहे की मिटला, हेच मी दिवसभर ऐकत असे. मग केंद्राने नवं यंत्र घेतलं आणि मला मागच्या दाराशी उभं केलं. तिथून टोइवो लाहतेलाने मला उचललं.

टोइवो कागद गिरणीत कामाला होता. त्याचे आईवडील फिनलंडहून आलेले. माणूस घुमा. दिवसाला वीस वाक्यं बोलला तर घरात पाहुणे आलेत असं समजावं. पण त्याचे कान असे, की माझ्या मोटारीत पिसाएवढी घरघर आली तरी तो जेवता जेवता उठून यायचा. त्याने तळघरात माझ्यासाठी लाकडी चौथरा केला, भिंतींना जुन्या रजया ठोकल्या आणि दारावर पाटी न लावता स्टुडिओ उघडला.

तिथेच ब्लॉक हीटर्स आले. आमच्याकडे हिवाळ्यात गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ते विजेच्या तारेला जोडून ठेवतात, त्या उपकरणाचं नाव या पोरांनी आपल्या बँडला घेतलं होतं. ओरेस्ट हनाट्युक गायचा, दिवसा धान्याच्या कोठारात फावडं मारायचा. गेल नावाची पोरगी गिटारही वाजवायची आणि बेसही. ड्रमवर क्लिफर्ड. तिघांत मिळून एक गाडी होती आणि तिलाही ब्लॉक हीटर नव्हता.

त्यांचं एक गाणं होतं, 'पहिलं जहाज'. हिवाळाभर गोठलेलं सुपीरियर सरोवर फुटतं आणि वसंतातलं पहिलं जहाज बंदरात शिरतं, त्याचं. तळघरात ओरेस्टचा गळा कोंडल्यासारखा यायचा. टोइवोने दोन दिवस विचार केला, मग मागच्या अंगणातल्या सौनापर्यंत तार ओढली. सौना म्हणजे देवदारी फळ्यांची, वाफेने आंघोळ करायची खोली. गार असली की आत आवाज असा गोल फिरतो की विचारू नका.

शुक्रवारभर गाऊनही शेवटचं कडवं बसेना. दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि शनिवार म्हणजे सौनाचा वार. टोइवोची बायको आयली लाकडं घेऊन दाराशी उभी.

"तीन वाजले. मी पेटवतेय," ती म्हणाली.

"आयली, अर्धा तास दे," टोइवो म्हणाला.

"माझी आई शनिवारी आंघोळ करायची, तिची आई करायची. तुमच्या गाण्यासाठी मी रविवारी देवळात अशीच जाऊ होय?"

"माइक खराब होईल गं."

"मग तो बाहेर काढ. त्याला काही देवळात जायचं नाही."

शेवटी ओरेस्टच म्हणाला, "काकू, तुम्ही पेटवा. मी आत थांबतो."

"गाताना भाजलास तर मला बोलायचं नाही, पोरा."

तिने खरोखरच शेगडी पेटवली. ओरेस्ट बनियनवर आत, माइकला टोइवोचा लोकरी मोजा घातलेला. तळघरात मी फीत सरकवत होतो. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात त्याला दम लागायला लागला. तिसऱ्यात प्रत्येक ओळीआधी तो हवा शोधत होता, आणि त्या शोधण्यातच काहीतरी आलं. हिवाळाभर अडकलेला माणूस गातो तसा तो गायला. हेडफोन लावलेला टोइवो डोळे मिटून बसला होता. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "झालं." त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही. त्यानंतर सगळ्यांनी आंघोळ केली आणि आयलीचा वेलदोड्याचा गोड पाव खाल्ला.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता.

त्या गाण्याची प्रत टोरोंटोच्या, तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीने ऐकली. कंपनीने बँडला लॉस एंजेलिसला नेलं, मोठ्या स्टुडिओत, चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट हे, की ओरेस्टने टोइवोला सांगितलं नाही. सांगायला तोंड झालं नसेल. टोइवोला ते रविवारी गावातल्या खाणावळीत पॅनकेक खाताना शेजारच्या टेबलावरून कळलं.

तो घरी आला, माझ्यापुढे बसला. देवळातल्या गायकांचं ध्वनिमुद्रण त्या आठवड्यात ठरलेलं होतं. नवी फीत कपाटात होती. पण त्याने 'पहिलं जहाज'चीच फीत माझ्यावर चढवली. पहिला ट्रॅक, दुसरा, तिसरा, सगळ्यांची लाल बटणं, म्हणजे जुनं पुसून नवं भरायची, त्याने दाबली. चौथ्यावर, ओरेस्टच्या गळ्यावर, त्याचं बोट आलं, थांबलं आणि परत गेलं. मित्रांनो, मी यंत्र आहे, माणसाच्या मनातलं मला कळत नाही. पण बोटाचं वजन कळतं. ते बोट फार जड होतं.

अशी ड्रम आणि गिटार गेली आणि त्यांच्या जागी सोळा म्हाताऱ्या देवाची स्तुती गायला लागल्या.

दोन महिन्यांनी टोरोंटोहून फोन आला. त्या माणसाचा आवाज एवढा मोठा होता की त्याला फोनची गरज नव्हती. मलाही सगळं ऐकू आलं.

झालं होतं असं. आमच्या सरकारचा नियम आहे की रेडिओने दर दहा गाण्यांत तीन तरी कॅनडाची लावायची. गाणं आपलं की परकं, हे ठरवायला तबकडीवर चार फोडींचं वर्तुळ छापतात: चाल, गायक, ध्वनिमुद्रणाची जागा आणि शब्द. चारांतल्या दोन फोडी आपल्या हव्यात. लॉस एंजेलिसमध्ये तिथल्या दोन नामांकित मंडळींनी 'पहिलं जहाज'ची चाल बदलली, शब्द बदलले, ध्वनिमुद्रण तर तिकडचंच. आपली म्हणून उरली एकच फोड, खुद्द ओरेस्ट. सरोवराच्या काठी जन्मलेला, धान्याच्या कोठारात फावडं मारलेला माणूस सरकारदरबारी परदेशी ठरला. एकही केंद्र गाण्याला हात लावेना.

"तुमच्याकडे जुनी फीत आहे ना, साहेब?" तो माणूस विचारत होता. "ती चारही फोडींनी आपली आहे."

"ओरेस्टला पाठवा. पुन्हा गाऊ दे," टोइवो म्हणाला.

"त्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय हो. दोन महिने बोलायचंसुद्धा नाही म्हणालेत डॉक्टर."

टोइवोने फोन बाजूला ठेवला, फितीचा डबा काढून पाहिला. मग म्हणाला, "गळा आहे. बाकी गेलंय. गेल आणि क्लिफर्डला धाडा."

ती दोघं आली. चौथ्या ट्रॅकवरचा एकटा गळा मी वाजवायचा आणि त्यांनी त्याच्या भोवती वाजवायचं, असं ठरलं. सहसा गाणारा ड्रमच्या मागे चालतो. इथे क्लिफर्डला दम लागलेल्या माणसाच्या मागे चालायचं होतं.

"हा थांबतो कुठे आणि धावतो कुठे, काही कळत नाही," क्लिफर्ड कुरकुरला.

"म्हाताऱ्या माणसाबरोबर रस्ता ओलांडतोयस असं समज," गेल म्हणाली. "हात सोडू नकोस, झालं."

त्याने हात सोडला नाही. सोळा म्हाताऱ्यांची देवस्तुती पुसली गेली, गाणं उभं राहिलं. फीत टोरोंटोला गेली, नक्कल करून टपालाने परत आली, आणि तीन आठवड्यांत 'पहिलं जहाज' देशाच्या यादीत ऐंशीव्या नंबरावर आलं. टोइवो दर शुक्रवारी दुकानातून छापील यादी आणून माझ्या वरच्या भिंतीला टाचायचा. एक्कावन्न. एकोणतीस. बारा. अकराव्या आठवड्यात एक. ती यादी त्याने सरळ टाचली की नाही, हे आयलीला तीनदा बघायला लावलं.

तबकडीच्या वेष्टनावर त्याचं नाव नव्हतं. 'कॅनडात ध्वनिमुद्रित' एवढंच होतं. नियमाला तेवढं पुरे. रेडिओवर मुलाखतीत ओरेस्टला कुणीतरी विचारलं, हे कुठे गायलात? तो खरखरत्या आवाजात म्हणाला, "घरी."

"कुणाच्या घरी, ते सांग की," टोइवो रेडिओला म्हणाला.

त्या शरद ऋतूत बँडचा कार्यक्रम आमच्याच गावात होता. ओरेस्टने दोन तिकिटं पाठवली, चिठ्ठी नाही. टोइवो गेला नाही. "त्याला दार माहीत आहे," एवढंच म्हणाला. त्याने माझे धातूचे भाग कापसाने पुसले, नवी फीत चढवली, आणि आयलीने माशाचं सूप ओरेस्टच्या मापाने केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बँडची बस विनिपेगच्या रस्त्याला लागली. सूप तीन दिवस पुरलं.

पुढे ब्लॉक हीटर्सनी आणखी चार तबकड्या काढल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या यंत्रांवर. पहिली यादीत सातवी आली, दुसरी चाळिसावी, तिसरी तळाशी, चौथी कुठेच नाही. टोइवो दर शुक्रवारी यादी आणतच होता. नवे बँडही यायचे, मग कमी झाले, मग आले नाहीत. कॉम्प्युटर आले, त्यांना रिळं लागत नाहीत. आयली गेली. गिरणीतल्या चाळीस वर्षांच्या खडखडाटाने टोइवोचे कान आधी मंद झाले, मग पार बंद. माझी घरघर आता त्याला ऐकू येत नव्हती. तरी दर शनिवारी तो खाली यायचा, कापसाने मला पुसायचा, मोटार चालू करून वरचं झाकण हाताने चाचपायचा. सांगतो मित्रांनो, ज्याने तुमचं सगळं ऐकलं त्याला तुम्ही ऐकू येईनासे व्हावं, यासारखं एकटेपण नाही.

एका ऑक्टोबरात जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. ओरेस्ट आला होता. केस पिकलेले, गुडघा धरून उतरत होता. टोइवोने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाड झालास."

ओरेस्ट हसला, काहीतरी बोलला. टोइवोने कानाकडे बोट दाखवून मान हलवली आणि टेबलावरची पाटी पुढे सरकवली. ओरेस्टने खडू घेतला. खूप वेळ घेऊन लिहिलं, 'चौथा ट्रॅक एकटा ऐकायचाय.'

टोइवोने तीच फीत काढली. हात म्हातारे झाले होते, पण मी त्यांना ओळखत होतो, चुकले नाहीत. मी तो गळा वाजवला. बावीस वर्षांचा ओरेस्ट पेटलेल्या सौनात हवा शोधत गायला, आणि साठीतला ओरेस्ट भिंतीला टेकून ऐकत राहिला. टोइवो काहीच ऐकत नव्हता. तो माझ्या सुईकडे बघत होता. आवाज चढला की ती चढते, उतरला की उतरते, आणि फारच चढला की लाल पट्ट्यात जाते, तिथे आवाज फाटतो. सुईबरोबर त्याचे ओठ हलत होते. त्याला प्रत्येक श्वास पाठ होता.

गाणं संपल्यावर पुढे थोडी फीत कोरी होती. ओरेस्टने माइककडे बोट केलं. टोइवोने माइक लावून दिला, माझं लाल बटण दाबलं आणि मान डोलावली.

"टोइवो," ओरेस्ट माइकमध्ये म्हणाला, "त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारापर्यंत आलो होतो रे. तळघराची खिडकी उजळलेली होती. सुपाचा वास येत होता. मला वाटलं, एवढं सगळं करून बसलाय, आता कुठल्या तोंडाने समोर जाऊ. तसाच परत गेलो. गाणं तुझं होतं. पहिल्या नंबरावर तू होतास. मला माफ कर."

पाटी त्याच्या हाताशीच होती. त्याला ते लिहिता आलं असतं. टोइवोलाही विचारता आलं असतं, काय बोललास ते लिही म्हणून. दोघांनीही ते केलं नाही. टोइवोने बटण बंद केलं, सुई खाली बसेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "लालात गेली नाही. चांगलं बोललास."

ओरेस्टने पाटीवर लिहिलं, 'पाव आहे का?' पाव नव्हता. दोघांनी कॉफी घेतली आणि तो गेला.

त्यानंतर टोइवो तीन हिवाळे जगला. कितीतरी शनिवारी त्याने ती शेवटची दोन मिनिटं लावून माझी सुई नाचताना पाहिली. मी ते शब्द जितके जमतील तितके मोठ्याने म्हणायचो. आता घर दुसऱ्यांचं आहे. माझ्यावर त्यांनी हॉकीच्या काठ्या आणि खोकी ठेवली आहेत. फीत अजून चढवलेलीच आहे. तिच्यावरचा लेप पावडर होऊन सुटू लागलाय. कुणाला रिळं चालवता येत असतील तर लवकर या, आणि येताना मऊ कापूस आणा.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, हे तर मी मागेनच, आम्ही सगळेच मागतो. पण मित्रांनो, कुणाची माफी मागायची असेल तर त्याचे कान शाबूत आहेत तोवर जा, आणि त्यालाच सांगा. माझ्यासारख्याला सांगू नका. ओरेस्टचा एकेक शब्द मी जसाच्या तसा जपून ठेवलाय. तो फक्त मला ऐकू आला, आणि मी टोइवो नाही.