शिवलेला खण

बायको, तुंगाबाई, गेली हे खंडोजीला दुकानात कळलं. एकोणीसशे एकसष्टची गोष्ट. दसरा आठवड्यावर आलेला, बळेपेटेतल्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि खंडोजी एका वकिलाचा काळा कोट बेतत होता. शेजारचा उमाकांत सायकल रस्त्यातच टाकून आत आला.

"अण्णा, कात्री खाली ठेवा."

"एवढी बाही होऊ दे. स्वल्प थांब."

उमाकांत थांबला. बाही कापून झाल्यावर त्यानं सांगितलं. इस्पितळात ऑपरेशननंतर चढलेला तिचा ताप उतरलाच नव्हता.

ती बाही आपण पुरी केली, हे पुढे कितीतरी दिवस खंडोजीच्या डोक्यातून गेलं नाही.

मूलबाळ नव्हतं. दिवस झाले, पाहुणे हुबळीला परत गेले. महिन्याभरानं त्यानं तिची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी हिरवा खण होता, लाल काठाचा. त्यानं तो लगेच ओळखला. सात वर्षांपूर्वी त्याला विषमज्वर झाला होता, दोन आठवडे शुद्ध नव्हती. तेव्हा तुंगाबाईनं आनेकलपलीकडच्या रानातल्या धबधब्याच्या आसरांना नवस बोलला होता: माणूस उठला तर हिरव्या खणानं ओटी भरीन. माणूस उठला. तिनं खणही आणला. मग दर वर्षी म्हणायची, "अहो, एक रविवार काढा." हा म्हणायचा, "दिवाळीचे कपडे जाऊ देत." दिवाळी झाली की लग्नसराई, लग्नं झाली की शाळेचे गणवेश. ती भांडली नाही. "सरी, असू दे," म्हणायची आणि चहा ठेवायला उठायची.

खण हातात धरून बसला असताना त्याच्या आणखी एक ध्यानात आलं. तीस वर्षं त्यानं सगळ्या पेठेचे कपडे शिवले, पण तुंगाबाईला एक चोळी शिवून दिली नव्हती. ती गल्लीतल्या भागुबाईकडून शिवून घ्यायची. कुणी हसलं तर म्हणायची, "आमच्या घरच्या शिंप्याकडं माझा नंबर लागायचा कधी!" तिचं मापसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. तिची एक जुनी चोळी समोर पसरून त्यानं माप काढलं आणि दोन संध्याकाळी बसून त्या खणाची चोळी शिवली. सगळी हातशिलाई. काठ दोन्ही बाह्यांवर सारखे बसवले. एवढं काम त्यानं वकिलाच्या कोटावरही केलं नव्हतं. तिच्या मापाची चोळी देवीला द्यावी, म्हणजे दोघींना पोचेल, असं त्याला वाटलं. विचारायला घरात कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी तो निघाला. कलासिपाळ्यातून आनेकलची बस, तिथून रानाच्या कडेपर्यंत टांगा. पुढं पायवाट खाली उतरत होती. वाट फार नव्हती, अर्ध्या तासाची. दोन्हीकडं बांबू आणि घाणेरी, मध्ये सुटे दगड. एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. एके ठिकाणी दगड फारच निसरडे होते. ते उतरून त्यानं काठी बगलेत धरली आणि मागून येणाऱ्याला आधार द्यावा तसा हात मागं केला. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग पुन्हा चालायला लागला.

धबधब्याचं पाणी बेताचंच होतं, आवाज मात्र मोठा. बाजूला शेंदूर लावलेले सात दगड. तिथले लोक त्यांना सात अक्का म्हणत. जवळच एक बाई फुलं-कापूर घेऊन बसली होती. कपाळाला रुपयाएवढं कुंकू. नाव भाग्यलक्ष्मी. खंडोजी तिच्याशी कानडीतच बोलला. पुरुषानं ओटी भरायची नसते, एवढं त्याला माहीत होतं.

"अक्का, माझ्या बायकोचा नवस आहे. ती वारली. तिच्या वतीनं तुम्ही ओटी भराल?"

"भरते की. सवाष्ण गेली ना? भाग्याची हो." तिनं प्रवाहात हात धुतले आणि पिशवी पुढं ओढली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या बघून मान हलवली. मग चोळी निघाली. तिनं ती उलटून पाहिली.

"अण्णा, ही तर शिवलेली!"

"हो. मीच शिवली."

"शिवलेलं कुणी ओटीत घालतं का? खण कोरा लागतो. शिंपी ना तुम्ही? कात्री हातात आली की देवीचंही माप घेता काय!"

खंडोजीला हसू आलं. ते तोंडावरच राहिलं, कारण ती बाई आता हसत नव्हती.

"उसवा मग," ती हळू म्हणाली. "टाकेच तर आहेत."

"टाके निघतील, अक्का. कापड कापलंय."

"आनेकलात पेठ आहे. नवा आणा. मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे."

"तो मी घेतलेला होईल. हा तिनं घेतला होता."

"खणाशिवाय तर ओटी नाही."

"नाही."

तिनं चोळीची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. देताना बाहीवरून बोट फिरवून म्हणाली, "काम मात्र चांगलंय. अंगाला बसली असती."

त्यानं नारळ फोडला. तिनं कापूर लावला आणि त्याच्या कपाळाला अंगारा लावला. मग तो टांग्याची वेळ होईपर्यंत पाण्याजवळच्या दगडावर बसला. बोलायला सोबत असती, तरी त्या आवाजात ओरडूनच बोलावं लागलं असतं. एकदा तो मोठ्यानं म्हणाला, "रविवार काढला गं." बाई फुलांना पाणी शिंपडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

याला आता तीन वर्षं होत आली. उमाकांतची बायको म्हणाली, मी कोरा खण आणते, मी येते बरोबर. भागुबाईही म्हणाली. खंडोजी दोघींनाही नको म्हणाला. चोळी पेटीत आहे. नवस फिटलेला नाही. ओटी भरायची राहिली आहे.