गोड्या पाण्याची नळी

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षे झाली होती. पाऊस मात्र दोन वर्षे तिकडे फिरकला नव्हता. तार कार्यालयाच्या बाकावर भुजंग वाघमारे मुंबईच्या ट्रंककॉलची वाट पाहत होता. सोबत थोरली बहीण पंचशीला होती.

तंत्रनिकेतनातून बाहेर पडून भुजंग मालवाहू जहाजावर फिटर झाला होता. जहाजाच्या तळाशी साचणारे तेलकट पाणी यंत्रातून शुद्ध करूनच समुद्रात सोडावे, असा आंतरराष्ट्रीय करार. तेल जास्त आढळले, की यंत्रावरच्या तेलमापकाची घंटा वाजते. यंत्र बिघडले, तेव्हा मुख्य अभियंत्याने, म्हणजे चीफसाहेबांनी, भुजंगकडून मापकाला गोड्या पाण्याची नळी जोडून घेतली. मापक गोडे पाणी तपासत राही, तेल बिनबोभाट समुद्रात जाई.

एका परक्या बंदरात तपासनिसांनी यंत्र चालवून दाखवायला सांगितले. मापकातून निघालेले गोडे पाणी गटारात पडत होते. वाहते पाणी दिसले, की दुष्काळी गावातला हात आपोआप पुढे होतो. भुजंगने नळीची तोटी पिळून बंद केली, तसे मापकात तेलकट पाणी शिरले. घंटा वाजली, जहाज बंदरातच अडकले, आणि कंपनीने भुजंगला घरी धाडले.

“चहूकडं समिंदर, आन् तू तांब्याभर पानी वाचवीत बसलास,” पंचशीला म्हणाली.

“समिंदराचं पिता येतंय का, अक्का?”

“आता घरचं तरी कुठं हाय?”

तेवढ्यात कॉल लागला. कंपनीचे साहेब बोलत होते. “वाघमारे, तेल भर समुद्रात सोडलेलं. म्हणून बंदरवाल्यांनी प्रकरण जहाजावर ज्याचा झेंडा आहे, जिथं ते कागदोपत्री नोंदलंय, त्या देशाकडे पाठवलंय. नळी स्वतःच्या मनाने लावली, एवढं कबूल करा. दुसरं जहाज देतो.”

“आणि चीफसाहेब?”

“ते कामावर आहेत.”

त्या देशाचा किनारा जहाजावरच्या कुणीच पाहिला नव्हता. तिथे आपले खरे कोण ऐकणार, हे भुजंगला ठाऊक होते. खोटे बोलले तर समुद्र परत मिळणार होता.

“नळी मी लावली, साहेब. लावायला चीफसाहेबांनी सांगितली. दोन्ही लिहून घ्या.”

पलीकडून दोन शब्द, आणि फोन बंद.

“काय म्हनले रं?”

“गावीच ऱ्हा म्हनले.”

 पंचशीलाने पदर डोक्यावर ओढला.

“मंग चल. लोहाऱ्याची यष्टी निघंल.”