बाई, जाळी स्वच्छ आहे

आमच्या इन्व्हरकार्गिल गावातल्या निम्म्या घरांचे गरम पाण्याचे बंब माझ्या नवऱ्याने बसवलेत. एक्केचाळीस वर्षं प्लंबर होता मर्डॉक. आणि म्हातारपणी हात धुऊन मागे लागला तो आमच्याच बंबाच्या.

नळाचं पाणी जोरात येतं. जुन्या तांब्याच्या बंबाला तेवढा दाब सोसत नाही, म्हणून मधे पितळेचा व्हॉल्व्ह असतो, दाब कमी करणारा. त्याच्या डोक्यावर स्क्रू. आठवण जायला लागली तसं मर्डॉकला वाटायचं, आपण कुणाकडे तरी कामाला आलोय. मग बंब ज्या कपाटात आहे ते उघडायचा, आत उबेला घातलेले माझे कपडे भिरकावायचा आणि स्क्रू पिळायचा. दाब वाढला की बंबातून छपरावर काढलेल्या नळीतून कढत पाणी पत्र्यावरून खाली! एकदा ते माझ्या खांद्यावर पडलं, फोड आले. मी त्याला नाही नाही ते बोलले, आणि तो बिचारा मलाच विचारतो, "नोली, कुणी केलं गं हे?"

फोडांचं रेविनला कळलं. रेविन आमची लेक, ऑकलंडला असते, देशाच्या दुसऱ्या टोकाला.

"आई, आता पुरे. माझ्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे. बाबांना तिथे ठेवू."

"माझा नवरा माझ्या घरात राहील," मी म्हटलं आणि फोन आपटला.

मग मर्डॉकच्या हाताखाली शिकलेला विरेमू आला. आता तोच पन्नाशीचा झालाय. कपाटाला कुलूप घातलं, आणि तसलाच एक जुना व्हॉल्व्ह फळीवर बसवून आणला.

"आंटी, बॉसला बंब नकोय, काम हवंय," तो म्हणाला. "हा द्या त्यांना."

काय सांगू, जादू झाली! रोज नाश्ता झाला की पुढच्या खोलीत मर्डॉक तो व्हॉल्व्ह खोलायचा. स्प्रिंग, रबराची चकती, जाळी, सगळं कापडावर ओळीने मांडायचा, पुसायचा, परत बसवायचा. पाच महिने निघाले. मी रेविनला टेचात सांगायची, बघ, कसं निभतंय.

फक्त त्या पाच महिन्यांत कधीतरी मी त्याची नोली राहिले नाही, गिऱ्हाईक झाले. "बाई, वर्षातून एकदा जाळी धूत जा हो. कुणी धूत नाही, आणि मग पाण्याला जोर नाही म्हणून बोंबलतात." मला? अहो-जाहो? पहिल्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडले. पण गिऱ्हाइकाशी तो फार गोड वागायचा हो. मी चहा आणि चीज रोल नेऊन दिले की म्हणायचा, "आमची नोलीन असले करते. तोंडाची फटकळ आहे, पण हाताला चव आहे." माझ्यापाशी उभ्या जन्मात कधी बोलला नव्हता मेला!

परवा मंगळवारी रेविनचा फोन आला. संस्थेत एक जागा रिकामी झाली होती, शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही.

बुधवारी सकाळी मर्डॉकने जाळी खिडकीपाशी धरली आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"बाई, जाळी स्वच्छ आहे."

"बरं झालं की."

"रोज स्वच्छ असते. चालू व्हॉल्व्हची अशी नसते. वाळू येते, गंज येतो. याच्यातून पाणी जातच नाही." त्याने जाळी खाली ठेवली. "तुम्ही मला उगाच बसवून ठेवलंय."

सगळं विसरला, पण हे विसरला नव्हता. मला तोंड वर करवेना.

त्याने कोट चढवला, गमबूट घातले आणि दाराशी जाऊन उभा राहिला. दाराला मी कुलूप लावलेलं असायचं.

"दार उघडा, बाई. मला घरी जायचंय."

"मर्डॉक, अरे मी नोली. हेच आपलं घर."

"नोलीन खोटं बोलत नाही," तो म्हणाला. मग त्याने हात जोडले. "बाई, पाया पडतो. सोडा मला."

मी कुलूप काढलं. तो फाटकापर्यंत गेला, तिथेच घुटमळला, मग कामावरून घरी यायच्या सवयीने वळसा घालून मागच्या अंगणाकडे निघाला. मी घरातून धावत मागच्या दाराशी गेले, अ‍ॅप्रन अडकवला, दार सताड उघडलं.

"मर्डॉक! चिखलाचे गमबूट घालून आत पाऊल टाकलंस तर बघ!"

तो थांबला. हसला. "आलो गं, नोली," म्हणाला आणि पायरीवर बसून गमबूट काढायला लागला.

कितीतरी दिवसांनी माझं नाव माझ्यासाठी घेतलं त्याने. मी त्याच्याजवळ बसले. विचारलं, "कुठे होतास इतका वेळ?"

"एका बाईकडे. एकटीच असते. रोज बोलावते, आणि काम काहीच नसतं."

"मग कशाला बोलावते?"

"मी जाऊ नये, एवढंच हवं असतं तिला." त्याने दुसरा बूट ओढला. "दाराला कुलूप लावते गं. मला भीती वाटते तिथे."

"तिला सांग ना तसं."

"कसं सांगू? रडेल ती. फार चांगली बाई आहे."

मी त्याला आत नेलं, सूप गरम करून पोटभर जेवू घातलं. जेवण होईपर्यंत मी नोली होते. ताटली उचलली तसा म्हणाला, "आभारी आहे, बाई. आता मी निघू का?"

मी त्याच्या देखतच फोन घेतला आणि रेविनला हो म्हणून सांगितलं.